होडीखालचा चिखल

१

रविवार, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं. बोरिवलीच्या टोकाला, गोराई खाडीच्या एका फाट्याकाठी नमिता तेंडोलकर वडिलांना न्यायला आली, तेव्हा बांधावर त्यांची छत्री उघडी होती आणि छत्रीखालचं घडीचं स्टूल रिकामं होतं.

आधी तिला काहीच वाटलं नाही. लघवीला गेले असतील. ती थांबली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मग तिची नजर स्टुलाच्या दांडीला अडकवलेल्या कापडी पिशवीवर गेली. आत डबा होता. तिनं झाकण उघडलं. दोन चपात्या, दुधीची भाजी, सकाळी तिनं भरली तशीच.

नंदकुमार तेंडोलकर, वय एकाहत्तर, महापालिकेच्या शाळेतले निवृत्त चित्रकला शिक्षक. सकाळी साडेसहाला त्यांनी इन्सुलिन टोचून घेतलं होतं, त्यावर दोन बिस्किटं आणि अर्धा कप चहा. डबा साडेनवाला खायचा, ही घरातली बोली होती. गेल्या महिन्यात एकदा तासभर उशीर झाला, तर जोगेश्वरीच्या बाजारात ते उभ्या उभ्या कोसळले होते.

पिशवीत फोनही होता. तिनंच केलेले चार मिस्ड कॉल त्यावर दिसत होते.

नमिता एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ. आलेल्या बाटलीवरची चिठ्ठी वाचायच्या आधी बाटलीत काय आहे ते बघायचं, ही तिथली सवय तिच्या अंगात मुरलेली. तिनं सगळं जागच्या जागी ठेवून एकदा नीट बघून घेतलं. बोर्डावर चिकटपट्टीनं लावलेला कागद, चित्र पुरं झालेलं. आकाश, पलीकडची खारफुटी, अलीकडे एक लाल-निळी होडी, होडीखाली करडा-तपकिरी चिखल. ब्रश पुसून ओळीनं ठेवलेले. शेजारी काचेच्या बरणीत पाणी, फिकट निळं.

"सर आले नाहीत का अजून?" मागून आवाज आला. विपुल शहा होता, दर रविवारच्या या जलरंगवाल्यांना गोळा करणारा. गळ्यात शिट्टी. "शिट्टी मारून वीस मिनिटं झाली. मला वाटलं, मूडमध्ये आहेत."

"विपुलभाई," नमिता म्हणाली, "बाबांनी डबा खाल्लेलाच नाही."

२

अकरा वाजता पोलीस आले. उपनिरीक्षक जयवंत राणे बोटभर जाड वही घेऊन बांधावर उभे राहिले. चौघे रंगवायला बसले होते, प्रत्येकजण दुसऱ्यापासून पन्नास-साठ पावलांवर. दहाची शिट्टी होईपर्यंत कुणी उठायचं नाही, कुणाच्या चित्रात डोकवायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. हा नियम सरांनीच घातलेला. त्यामुळे तीन तासांत कुणी कुणाला धड पाहिलंच नव्हतं.

"म्हणजे शाळाच की," राणे म्हणाले. "शेवटचं कुणी बघितलं?"

"मी छत्री बघितली," निशा म्हणाली. ती मुलुंडहून येणारी, सर्वांत लहान, डोळे आधीच सुजलेले. "साडेनवाला. छत्री होती म्हणजे सर असणारच ना?"

"छत्रीला मी काही विचारू शकत नाही, ताई. माणूस कुणी बघितला?"

"मी," निमेश म्हणाला. घाटकोपरचा, तिशीतला, बारीक चणीचा. त्याची जागा सरांच्या सर्वांत जवळ. "पावणेदहाला. पाठमोरे होते, पण ब्रश चालू होता."

"नक्की?"

"हो. पावणेदहा."

राण्यांनी लिहून घेतलं. मग ते बोर्डाजवळ वाकले आणि एक बोट चित्रातल्या चिखलावर अलगद टेकवलं. बोट वर करून त्यांनी नमिताला दाखवलं. टोकाला किंचित तपकिरी ओल.

"अजून ओलं आहे. म्हणजे हे म्हणतात ते बरोबर. तेंडोलकर साहेब आत्ताच उठलेत." ते फाट्याकडे वळले. तिथे आता पाण्याचा पत्ता नव्हता, नुसता चकचकीत गाळ आणि त्यात पळणारे खेकडे. "साडेनवाला इथे हेच असणार, चिखल. यातून होडी काय, पाटही जात नाही. गल्लीच्या तोंडाला कॅमेरा आहे, त्यात ते बाहेर पडलेले दिसत नाहीत. राहिली ही खारफुटी. पंचवीस माणसं लावतो. चक्कर येऊन पडले असतील तर जवळच सापडतील, मॅडम."

ऐकायला सगळं सरळ होतं. नमिता मात्र पुन्हा बोर्डाकडे वळली.

निशा तिला बाजूला घेऊन कुजबुजली, "ताई, गेल्या रविवारी सरांचं भांडण झालं होतं. ती होडी आहे ना चित्रातली, तिच्या मालकाशी. धाकू नाव त्याचं. रिकामी होडी कागदावर काढायची नाही, म्हणे. अंगावरच आला होता."

"आणि?"

"आणि विपुलभाई पण. सरांना म्हणाले, तुमची तब्येत बघता तुम्ही येणं बंद करा. सर खूप दुखावले होते."

विपुलच्या कानावर ते गेलंच. "अरे यार, निशा! काळजीनं बोललो मी. ह्यांना काय झालं असतं तर बोंब कुणाच्या नावानं? माझ्याच ना?" बोलता बोलता त्यानं शिट्टीनंतर वाळूवर मांडलेली तीन चित्रं गोळा करायला घेतली आणि निमेशचं चित्र उचलताना चिडून बोटं पुसली. "ह्याचं चित्र तर दिवाळीपर्यंत वाळत नाही. घाटकोपरहून पाण्याची बाटली आणायचा कंटाळा, म्हणून साहेब खाडीत डबडं बुडवतात. खारा निमेश."

एरवी यावर सगळे हसत असावेत. आज कुणी हसलं नाही. निमेश तर बांधाखालच्या गाळाकडे एकटक बघत होता, जणू तिथून कुणी येणार होतं.

अकरा चाळीस. खारफुटीतून शिट्ट्या, काठ्यांचे आवाज, "तेंडोलकर काका" अशा हाका. उत्तर नाही.

३

बांधाच्या पलीकडच्या टोकाला बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले होते. खाली एक बाई बसून जवळ्यासारखं बारीक कोलीम निवडत होती. पन्नाशीची, हातात हिरव्या बांगड्या. धाकूची बायको शेवंती.

"मावशी, धाकूदादा कुठे आहेत?"

"होडी घेऊन गेलाय." बाईनं मान वर केली नाही. "पोलिसांनी पण इचारलं. मास्तरला त्यानं काय केलं नाय."

"मी तसं म्हणतच नाही. फोन लावाल?"

"फोन घरात. चार्जिंगला. पाण्यात पडतो म्हणून नेतच नाय." आता तिनं वर पाहिलं. "तू मास्तरची पोर? नाक तसंच हाय."

नमिता तिच्यासमोर बसली. "त्यांनी काही खाल्लेलं नाही, मावशी. साखर उतरली की ते बोलू पण शकत नाहीत. गेल्या रविवारी भांडण झालं होतं ना दोघांचं?"

"भांडण कसलं! आमचा दादला तोंडाचा फाटका. त्याचा बाप होडीतून गेला तो आला नाय, होडी तेवढी आली. रिकामी. तवापासून त्याला रिकामी होडी कुणी काढलेली बघवत नाय. मास्तरला कळलं तसं मास्तरनं त्याचे हात धरले. नंतर दोघांनी बसून चहा पिला की इथंच." तिनं पदरानं हात पुसले. "दाखव बघू काय काढलंय आज."

नमितानं फोनवर घेतलेला चित्राचा फोटो तिच्यापुढे धरला. शेवंतीनं डोळे बारीक केले, मग फोन जवळ ओढला.

"ही आमचीच होडी."

"हो."

"पण ही चिखलात कवा बसली?"

"म्हणजे?"

"अगं, होडी गेली तवा फाट्याला पाणी होतं. साडेसात झाले असतील, नळाचं पाणी गेलं नव्हतं अजून. पाणी हाय तवरच होडी भाईर काढायची, मग ती चिखलात बसंल कशी? आज सकाळपासून आमची होडी चिखलाला लागलीच नाय." तिनं फोन परत दिला. "मास्तरनं खोटं काढलंय. मास्तर खोटं काढत नाय कवा."

४

नमिता धावत परत आली. बारा वाजत आले होते. राणे वायरलेसवर बोलत होते.

"साहेब, या चित्रातली होडी साडेसातला गेली. चिखल त्यानंतर, पाणी ओसरल्यावर उघडा पडला. ही दोन्ही एकत्र कुणीच बघू शकत नाही."

राण्यांनी तिच्याकडे दमानं पाहिलं. "मॅडम, मला चित्रातलं कळत नाही. पण सकाळी होडी काढली असेल आणि पाणी गेल्यावर खाली चिखल काढला असेल. असं नाही का होऊ शकत?"

प्रश्न रास्त होता. नमिता चित्रासमोर उकिडवी बसली. बाबा तसं करत नाहीत, एवढंच तिला सांगता आलं असतं. पहिल्या दहा मिनिटांत जे धरलं ते धरलं, पुढे उजेड बदलला, पाणी हललं तरी त्याच्या मागे पळायचं नाही, हे त्यांनी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं. पण बाबा तसे नाहीत, असं तर प्रत्येक हरवलेल्या माणसाची मुलगी सांगते.

मग तिनं बरणी उचलली आणि उन्हात धरली.

"हे बघा."

"पाणी आहे."

"निळं पाणी आहे. आकाश, दूरची झाडं आणि होडीचा चिमूटभर लाल रंगवून ब्रश यात बुडवलाय. आता चित्रातला चिखल बघा, कागदाचा तिसरा हिस्सा. एवढा तपकिरी रंग लावल्यावर ब्रश धुतला असता तर हे पाणी चहासारखं झालं असतं. ह्या बरणीत तपकिरी ब्रश एकदाही गेलेला नाही."

राणे वाकले. विपुल आणि निशा जवळ सरकले.

"पाणी बदललं असेल," विपुल म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"बदललं असतं तर निळं कशाला राहिलं असतं? आणि चिखल शेवटी केला असेल, तर शेवटचा रंग निळा कसा?"

तिनं बरणी खाली ठेवली.

"बाबांनी वरचं चित्र केलं. खाली पाण्याची जागा कोरी सोडली आणि ते उठले. चिखल दुसऱ्या कुणीतरी भरला, स्वतःच्या ब्रशानं, स्वतःच्या पाण्यानं." ती आता भराभरा बोलत होती, लॅबमध्ये अहवाल वाचून दाखवावा तशी. "साहेब, तुम्ही म्हणालात, ओलं आहे म्हणजे आत्ताच रंगवलंय. तास उलटून गेला. या उन्हात जलरंग दहा मिनिटांत वाळतो. आकाश बघा, खडखडीत आहे. चिखलाला परत हात लावा."

राण्यांनी बोट लावलं. चिखल अजूनही दमट होता.

नमितानं स्वतःचं बोट चिखलावर घासलं आणि जिभेला लावलं. दुसरं बोट ओलं करून आकाशावर फिरवलं, तेही चाखलं. निशानं तोंडावर हात ठेवला.

"आकाशाला चव नाही," नमिता म्हणाली. "चिखल खारट आहे. खाडीच्या पाण्यानं रंगवलेलं म्हणून वाळत नाही. मीठ ओल धरून ठेवतं."

चौघांनी एकाच वेळी मान वळवली. निमेश बांधावर होता तिथेच खाली बसला होता, दोन्ही हातांनी डोकं धरून.

५

"मी काही वाईट केलं नाही," निमेश म्हणाला. हे त्यानं तीनदा म्हटलं. मग नमितानं त्याच्यासमोर बसून त्याचं मनगट पकडलं.

"निमेश, शिव्या नंतर देईन. बाबा कुठे आहेत?"

"धाकूबरोबर. होडीतून. सव्वासातला धाकू आला, म्हणाला, मास्तर, रिकामी काढता त्यापेक्षा तुम्हीच बसा आत, पाण्यातून खाडी बघा. सर लहान पोरासारखे खूश झाले. आयुष्यभर काठावरून रंगवलं, म्हणाले. पण तुम्ही होडीत बसायला बंदी केलीय ना—"

"केलीय. म्हणून?"

"म्हणून मला म्हणाले, अर्ध्या तासात येतो. उशीर झालाच तर नमी दहाला यायच्या आत खालची जागा तू भर. नेहमी पुरं होतं चित्र, अर्धवट दिसलं तर ती शंभर प्रश्न विचारेल. फोन पण मुद्दाम ठेवून गेले, तुमचा आला तर उचलायला नको म्हणून." त्यानं नाक पुसलं. "नऊ वाजले, फाट्यातलं पाणी गेलं, तरी आले नाहीत. मी समोर जे दिसलं ते भरलं. चिखल. होडी आधीच काढलेली आहे हे डोक्यातच आलं नाही."

"आणि पावणेदहाला ब्रश चालू होता?"

"तुम्ही आलात तेव्हा वाटलं, आत्ता येतील. मग वाटलं, पुढच्या दहा मिनिटांत येतील. मग पोलीस आले आणि तोंडातून निघून गेलं ते. एकदा निघाल्यावर..." तो थांबला. "सरांना मी शब्द दिला होता, ताई."

"त्यांच्या साखरेचं माहीत होतं तुला?"

"गोळी घेतात एवढं माहीत होतं. इन्सुलिनचं नाही. आईशप्पथ नाही."

विपुल त्याच्या अंगावर धावला. "वाट लावलीस, भडव्या! दोन तास आम्ही झाडं हुंगतोय!" राण्यांनी त्याला एका हातानं मागे लोटलं आणि दुसऱ्या हातानं वायरलेस उचलला. खारफुटीतली माणसं बाहेर बोलवा. मोठ्या जेट्टीवरून, जिथे ओहोटीतही पाणी असतं, तिथून बोट काढा. लाल-निळी होडी, दोन माणसं, एक म्हातारे, मधुमेही. ग्लुकोज घेऊन जा. बारा वाजून अठरा मिनिटं.

राणे स्वतः जेट्टीकडे गेले. नमितालाही जायचं होतं, पण त्यांनी बोटीत बसू दिलं नाही. "तुमचा फोन मोकळा ठेवा. तेवढंच करा."

ती शेवंतीजवळ जाऊन बसली. जायला दुसरी जागा नव्हती. शेवंतीनं कोलमाची टोपली बाजूला सारली होती आणि ती खाडीच्या तोंडाकडे बघत होती. मागच्या बाजूला निमेश उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नाही, कुणी जा म्हटलं नाही.

"मना पण नाय सांगलान," शेवंती म्हणाली. "मास्तरला नेतो म्हणून. मी बोलले असते ना, काठावरच फिरव."

"मी पण तेच म्हटलं असतं."

"म्हणून तर सांगलान नाय दोघांनी."

साडेबारा. पाऊण. फाट्यात गाळाच्या मधोमध पाण्याची एक करंगळीएवढी रेघ आत सरकू लागली. भरती लागली होती. नमिता मनात हिशेब करत होती: साडेसहाचं इन्सुलिन, दोन बिस्किटं, सहा तास. लॅबमध्ये असे आकडे ती रोज बघते, किती खाली गेलं की कोणाला फोन करायचा तेही तिला पाठ आहे. इथे फोन करायला कुणी नव्हतं.

एक वाजून तेवीस मिनिटांनी राण्यांचा फोन आला.

"होडी मिळाली, मॅडम. पलीकडच्या काठाला, गाळात बसलीय. पंख्यात जाळ्याचा दोर अडकलाय, इंजिन बंद पडलं असणार. वाहत गेली असेल. नांगर टाकलेला आहे, व्यवस्थित."

"बाबा?"

"होडीत कुणी नाही."

तिनं फोन स्पीकरवर टाकला, कारण शेवंतीनं तिचा दंड धरला होता.

"पाऊलखुणा आहेत," राण्यांचा आवाज म्हणाला. त्यांना धाप लागत होती, ते चालत असावेत. "होडीपासून खारफुटीकडे. दोन माणसांच्या. एक अनवाणी, एक सँडल. पन्नासेक पावलं बरोबर आहेत. मग एका जागी गाळ तुडवलेला दिसतोय, कुणी पडल्यासारखा. तिथे एक सँडल आहे. आणि तिथून पुढे..."

"पुढे काय?"

"पुढे एकाच माणसाच्या खुणा आहेत. अनवाणी."

नमिताच्या हातातून फोन निसटला. तो वाळूवर उताणा पडला, आवाज येतच राहिला. हॅलो, मॅडम, हॅलो. निमेश एक पाऊल पुढे आला आणि तिथेच थांबला.

शेवंतीनं वाकून फोन उचलला. तोंडाशी उलटा धरला, मग सुलटा केला.

"सायेब. त्या खुणा कशा हायत? ह्याच्या आधीच्यासारख्याच, की जास्ती खोल?"

पलीकडे राणे कुणाला तरी म्हणाले, इकडे ये, मोज. पाण्यात पाय ओढल्याचा आवाज आला.

"आधी घोट्यापर्यंत आहेत," राणे म्हणाले. "नंतर गुडघ्यापर्यंत."

शेवंतीनं नमिताकडे पाहिलं. "पाठीव घेतलान त्याला," ती म्हणाली. "मेलेल्या माणसाला पाठीव घेता येत नाय गं. पाठीव बसणाऱ्यानं धरावं लागतं गळ्याला."

नमितानं फोन घेतला. "साहेब, त्या खुणांमागे जा."

"गेलोय. साठ पावलं मिळाली, खारफुटीच्या दिशेनं. त्याच्यापुढे झाडांमधल्या ओहोळातून पाणी चढलंय, काही दिसत नाही. पलीकडून रस्त्यानं दुसरी गाडी पाठवलीय, झाडीतून बाहेर कुठे निघालेत ते बघायला."

दुपारी दोन वाजेपर्यंत त्या गाडीकडून काही कळलेलं नव्हतं. फाट्यात तोपर्यंत होडी तरंगेल एवढं पाणी चढलं होतं.